मागणी प्रशिक्षणाची, दुखणे कामगिरीचे

विशेष प्रतिनिधी

सरकारी कार्यालयातील कामे रखडली, चुका वाढल्या, नागरिकांच्या तक्रारी येऊ लागल्या की वरिष्ठांच्या लेखणीतून एक ठरलेले वाक्य उतरते : ‘संबंधित कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात यावे.’ पत्र प्रशिक्षण संस्थेकडे जाते, दोन दिवसांचा वर्ग भरतो, हजेरीपटावर सह्या होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि फाइल बंद होते. काही महिन्यांनी त्याच कार्यालयातून तशीच मागणी पुन्हा येते. या साऱ्या खटाटोपातून दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या नागरिकाच्या पदरी काय पडले, याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

प्रशिक्षणाकडे सरकारचे लक्ष नाही, असे म्हणता येणार नाही. प्रत्येक खात्याने वेतनावरील तरतुदीच्या किमान 2.5 टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी, असे केंद्राच्या 2012 च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने सांगितले. महाराष्ट्राचे स्वतंत्र प्रशिक्षण धोरण 2011 मध्येच आले आणि पुण्याच्या ‘यशदा’कडे शिखर संस्थेची जबाबदारी आली. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली. सुमारे 46 लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांकरिता 510.86 कोटी रुपयांची तरतूद त्यात होती. कारभार नियमाधारित न राहता भूमिकाधारित व्हावा, म्हणजे कर्मचाऱ्याच्या पदाला नेमकी कोणती कामे व क्षमता लागतात हे पाहून शिक्षण द्यावे, हा त्यामागील विचार निश्चितच स्वागतार्ह आहे.

अडचण मोजमापाची आहे. ऑक्टोबर 2024 मधील राष्ट्रीय कर्मयोगी सप्ताहात प्रत्येक कर्मचाऱ्यापुढे किमान चार तासांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तास मोजता येतात, नोंदणी मोजता येते, प्रमाणपत्रेही मोजता येतात. परंतु त्यामुळे दाखला किती दिवस आधी मिळाला, हे त्या आकड्यांतून कळत नाही. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासूनच्या लेखांतून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रशिक्षणार्थीला वर्ग कसा वाटला, तो काय शिकला, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का आणि संस्थेच्या पदरात काय पडले. आपल्याकडील बहुतेक वर्ग पहिल्या पायरीवरच, म्हणजे शेवटच्या तासाला भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्राय-अर्जावरच थांबतात.

मुळात प्रशिक्षणाची मागणी हे निदान नव्हे, ते केवळ लक्षण आहे. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 मध्ये या विषयावर लिहिताना एक साधी कसोटी सुचवली होती. जिवावर बेतले तर हा कर्मचारी ते काम करू शकेल काय? उत्तर ‘होय’ असेल तर त्याला वर्गात बसवून उपयोग नाही. त्याला काम येते, पण करता येत नाही. थॉमस गिल्बर्ट यांनी 1978 मध्ये हाच धागा पुढे नेला. स्पष्ट सूचना, योग्य साधने आणि चांगल्या कामाची कदर या तीन गोष्टी कार्यालयाने पुरवायच्या असतात. ज्ञान, क्षमता आणि इच्छा या तीन कर्मचाऱ्याच्या अंगच्या. सुधारणेची सुरुवात पहिल्या तीन बाबींपासून करावी, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे नेमके उलट घडते.

महाराष्ट्रातील सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. पिढ्यानपिढ्या हस्तलिखित दप्तर सांभाळणाऱ्या तलाठ्यांना ऑनलाइन फेरफार शिकवणे आवश्यकच होते. तथापि सर्व्हरची संथ गती आणि गावपातळीवरील इंटरनेटची रड ही त्या काळातील तलाठ्यांची प्रमुख तक्रार होती. संगणकाच्या पडद्यावर चक्र फिरत राहिले तर कितीही निष्णात तलाठी काय करणार? 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, तेव्हा नुसत्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सहीची वाट पाहण्याची गरज उरली नाही. हा बदल घडवला तो कामाच्या पद्धतीतील फेरबदलाने; सही करण्याच्या आणखी एका प्रशिक्षणाने नव्हे.

मग प्रशिक्षणाची मागणी आली तर ती फेटाळावी काय? मुळीच नाही. मागणी करणारा अधिकारी खऱ्या अडचणीत असतो आणि त्याला नकार दिल्यास संवादच खुंटतो. मागणी स्वीकारावी, पण वर्गाची तारीख ठरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. कोणते काम अपेक्षेप्रमाणे होत नाही? आज त्याची स्थिती काय आणि अपेक्षा किती? हेच काम उत्तम करणारे कुणी त्याच कार्यालयात आहे काय, आणि तो वेगळे काय करतो? सुधारणा झाली हे कशावरून ओळखायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना अनेकदा किचकट अर्ज, तीन टेबलांवर होणारी एकच तपासणी किंवा रिक्त पदे हेच खरे कारण म्हणून पुढे येते. उरलेल्या, खरोखर कौशल्याच्या उणिवेसाठी प्रशिक्षण द्यावे. तेही त्याच कामावर बेतलेले.

मोजमापासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे. पुरेशा कारणाविना सेवा देण्यात कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. कोणता अर्ज कधी आला, कधी निकाली निघाला, किती अपिले झाली, याची नोंद त्यामुळे कार्यालयातच असते. प्रशिक्षणापूर्वीचे आणि नंतरचे तीन महिने शेजारी ठेवले, तरी पुष्कळ काही उलगडेल.

हे होत नाही, याचे कारण अज्ञान नव्हे, सोय आहे. प्रशिक्षण हा सर्वांत कमी वादाचा उपाय. त्यात मार्चअखेर निधी खर्ची पडतो, अहवालात आकडा दिसतो आणि दोष आपसूक खालच्या कर्मचाऱ्याच्या अज्ञानाकडे जातो. साधने पुरवणे, पदे भरणे, कार्यपद्धती बदलणे ही वरिष्ठांची कामे त्याआड झाकली जातात. म्हणूनच प्रशिक्षण संस्थांचे यशही प्रशिक्षणार्थींच्या संख्येवर न जोखता, त्यांनी सोडवण्यास मदत केलेल्या अडचणींवर जोखले पाहिजे. तोवर वर्ग भरत राहतील, प्रमाणपत्रे भिंतीवर लागत राहतील आणि खिडकीपुढची रांग मात्र आहे तेवढीच राहील.