इसब आहे म्हणून शेंगदाणे बंद?

बाळाच्या गालावर इसब दिसला, की आपल्या संभाजीनगरात घरातूनच पहिलं पथ्य निघतं: अंडी, दूध, शेंगदाणे बंद! तपासणीशिवाय असं पथ्य मला पटत नाही.

इसब असलेल्या मुलांना अन्नाची अ‍ॅलर्जी, पुढे सर्दी-शिंका, दमा होण्याची शक्यता जास्त असते, हे खरं. पण कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेतून शिरलेल्या अन्नकणांना शरीर शत्रू समजू शकतं. तेच अन्न वेळेवर पोटात गेलं तर ओळखीचं होतं. लंडनमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं होती. ज्यांना पहिल्या वर्षापासूनच शेंगदाणे दिले, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. आणि कूट तर आपल्या घराघरात असतो.

म्हणून आधी त्वचा सांभाळा. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात तर दिवसातून दोनतीनदा. इसब तीव्र असेल तर शेंगदाणे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा लहान मुलाला नकोच, घशात अडकतो. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठा.