वृक्ष कायदा घरबांधणीच्या आड येत नाही



‘वृक्ष कायद्यामुळे घरे महागतात’ हे आपल्या अंकातील वाचकाचे मत पटले नाही. महाराष्ट्राचा १९७५चा नागरी वृक्ष कायदा तोडीवर सरसकट बंदी घालत नाही. तो परवानगी मागतो, झाडावर नोटीस लावायला सांगतो, हरकती ऐकायला लावतो. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली.

अडचण अंमलबजावणीची आहे. आधी बुंध्याभोवती काँक्रीट ओततात, मुळे छाटतात आणि मग झाड ‘धोकादायक’ ठरवून अर्ज करतात! पंचनामा होतो तेव्हा पुरावा लाकडाच्या वखारीत पोहोचलेला असतो. दंड इमारतीच्या खर्चातच धरला जातो. मथुरा-वृंदावन परिसरातील ४५४ झाडांच्या बेकायदा तोडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये झाडामागे एक लाख रुपये दंड कायम ठेवला, तो याचमुळे महत्त्वाचा. आपल्या महापालिकांनी भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी वृक्षगणनेतील नोंद आणि जागेवरची झाडे ताडून पाहावीत, रोपे जगली नसतील तर प्रमाणपत्र रोखावे. बिल्डरला दंडापेक्षा रखडलेला ताबा जास्त झोंबतो.

— एक वाचक, पुणे