‘वयच झाले’ म्हणजे निदान नव्हे

पुण्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात भेटीच्या वेळी वृद्ध रुग्णाच्या खाटेपाशी एक वाक्य हमखास कानी पडते : “आता वयच झाले.” या वाक्याशी आमचे भांडण आहे.

पक्षाघाताने आडवे झालेल्या आजोबांना तेथे बहुधा आणलेले असते वर्षानुवर्षे न मोजलेल्या रक्तदाबाने. पायाची जखम चिघळलेल्या आजींना मधुमेहाने. रक्तदाब १४०/९० च्या पुढे गेला तरी सहसा काही दुखत नाही, म्हणून बरे वाटताच गोळी बंद! गुडघे मात्र दुखतात. त्यांच्यासाठी चिठ्ठीविना वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने आणल्या जातात. याच गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडे बिघडवतात. दुकानदार ते सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

“आमचे बाबा काटकुळे, त्यांना कसला मधुमेह?” याचे उत्तर पुण्यातच मिळालेले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. त्यांचा व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२!

शासनालाही आमचा प्रश्न आहे. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेतले. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयीन उपचार मिळतो; त्याचे स्वागतच. परंतु घरी परतल्यावर योजनेची औषधे १५ दिवसांची. सोळाव्या दिवसापासूनची गोळी कोणाच्या खिशातून? जन्मभर लोकांच्या घरी स्वयंपाक केलेल्या, निवृत्तिवेतन नसलेल्या विधवेने ती कोठून आणावी? रोजची गोळी नाकारायची आणि पक्षाघात झाल्यावर लाख मोजायचे, हा हिशेब आम्हांला उमगत नाही.

आणि आपण? १९९३ पासून ११ फेब्रुवारीला जागतिक रुग्ण दिन पाळला जातो. आपण प्रार्थना करतो, फळे वाटतो (मधुमेही आजींच्या उशाशी चिकू-द्राक्षांची टोपली!) आणि घरी जातो. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर ज्येष्ठांचा रक्तदाब मोजून, कोणाच्या गोळ्या संपल्या हे टिपून ठेवण्यास एक यंत्र, एक परिचारिका व एक वही पुरते. परिचारिका तर आपल्या बहुतेक धर्मग्रामांत आहेत. पुढल्या फेब्रुवारीची वाट पाहण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.