पिशवी काढायची, पण विचारून

“पिशवीच काढून टाका. मुलं झाली, आता तिचं काय काम?” सोनोग्राफीचा कागद पाहून तालुक्याच्या डॉक्टरांनी माझ्या थोरल्या जाऊबाईंना दोन मिनिटांत निकाल दिला, वर तारीखही दिली. जाऊबाईंचं वय ४२. पाळीत फार जातं, थकवा येतो, हे खरंच होतं. पण घरातल्या सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या, ते मला खटकलं. एरवी एका साडीसाठी चार दुकानं पालथी घालणारी आम्ही माणसं!

“डॉक्टरांना उलट कसं विचारायचं गं?” जाऊबाई म्हणाल्या. मी शाळेत तासिकेवर शिकवते, प्रश्न काढायची सवय आहेच. वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहिले आणि आम्ही दोघी मिरजेला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन अवघं ७! एवढ्या कमी रक्तावर, घाई नसताना, ऑपरेशन म्हणजे धोका हातानं वाढवणं, असं त्या म्हणाल्या. गर्भाशयातल्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात आणि पाळी गेल्यावर पुष्कळदा आकसतात. तोवर गोळ्या असतात, तांबीसारखं बसवायचं औषधी साधन असतं, कधी नुसती गाठ काढता येते. धोकेही त्यांनी न लपवता सांगितले: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, शेजारच्या मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी आणि भुलीचे धोके. हे क्वचित घडतं, पण आपल्याला ठाऊक हवं.

मैत्रिणींनो, एक प्रश्न मात्र विसरू नका. अंडाशय ठेवणार की काढणार? पाळी चालू असताना दोन्ही अंडाशयं काढली, तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो आणि हाडंही लवकर ठिसूळ होतात. दिल्लीच्या एका बाईंनी पोटात दुर्बीण घालून फक्त तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना त्यांच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जिवाला तातडीचा धोका नसताना अशी संमती चालत नाही. म्हणून फॉर्म वाचल्याशिवाय सही नको. नवऱ्याची तर आपल्याऐवजी नकोच नको. २०१९ मध्ये बीडच्या ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातल्या कितींना कुणी नीट समजावलं असेल?

आता दवाखान्याचं. चकचकीत फरशी आणि गारेगार खोली बघून भुलू नका. भूलतज्ज्ञ कोण, ऑपरेशन संपेपर्यंत थांबणार का, रात्री डॉक्टर हजर असतो का, रक्त कुठून आणि किती वेळात येईल, प्रकृती बिघडली तर अतिदक्षता विभाग तिथंच आहे की गाडीत घालून न्यावं लागेल, हे विचारा. डॉक्टरांनी अशी ऑपरेशनं किती केली, हेही बिनदिक्कत विचारावं. चांगला डॉक्टर रागवत नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावलेलं असायला हवं, ते शोधा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. विम्यात ‘कॅशलेस’ आहे एवढ्यावर दवाखाना ठरवण्याचा मोह आमच्या दिरांना झाला होताच! रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, मधुमेह, दमा, कसली ॲलर्जी, सगळं भूलतज्ज्ञाला सांगावं. घरगुती काढासुद्धा.

चार महिने गोळ्या आणि लोहाची औषधं झाली. हिमोग्लोबिन ११ वर आलं, जाणं मात्र थांबेना. मग विचार करूनच जाऊबाईंनी मिरजेला ऑपरेशन करून घेतलं. अंडाशयं ठेवली. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती, रिपोर्ट साधा आला. तो आणि डिस्चार्जचा कागद मी फाइलला लावला. सहा आठवडे जड उचलायचं नाही म्हणून पाण्याची कळशी माझ्याकडे. त्या खुर्चीत बसून, मी भाजीत मीठ कमी घातलं म्हणून सुनावत असतात.