घासूनपुसून लख्ख!

दोस्तांनो, माळ्यावरच्या ट्रंकेत एखादं काळपट, जुनं नाणं सापडलं की तुम्ही काय करता? चिंच घेऊन घासायला बसता, होय ना? थांबा! आधी जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका घराण्याची गोष्ट ऐका.

जोएल जोसेफ डुव्हीन मूळचे हॉलंडचे. पोटापाण्यासाठी ते इंग्लंडमधल्या हल बंदरात आले. हॉलंडमध्ये चिनी मातीची निळी-पांढरी भांडी स्वस्तात घ्यायची आणि इंग्लंडमध्ये चांगल्या भावाने विकायची, असा त्यांचा धंदा. भाऊ हेन्रीने न्यूयॉर्कची पेढी सांभाळली. पण खरं नाव गाजवलं ते थोरल्या मुलाने, १८६९ साली जन्मलेल्या जोसेफने. युरोपातल्या सरदारांकडे चित्रं होती पण पैसा आटत चालला होता. अमेरिकेतल्या शेठजींकडे पैसाच पैसा! जोसेफने दोघांची गाठ घालून दिली. १९२१ साली गेन्सबरोचं ‘ब्लू बॉय’ हे चित्र त्याने सात लाखांहून जास्त डॉलरना विकलं. ते अमेरिकेला जाण्याआधी लंडनमध्ये सुमारे नव्वद हजार लोक त्याचा निरोप घ्यायला आले. (बरोबर शंभर वर्षांनी, २०२२ साली, ते पाहुणं म्हणून लंडनला येऊन गेलं.)

गिऱ्हाइकांना चकचकीत आवडतं, म्हणून जोसेफ जुन्या चित्रांवर भरपूर व्हार्निश चढवायचा. आणि इथेच घात झाला.

ग्रीसमधल्या पार्थेनॉन मंदिराची सुमारे २,४०० वर्षं जुनी शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये होती. त्यांच्यासाठी जोसेफने, म्हणजे आता लॉर्ड डुव्हीनने, नवं दालन बांधायला पैसे दिले. पण शिल्पं दिसायला हवीत पांढरीशुभ्र, हा त्याचा हट्ट! त्या संगमरवरात थोडं लोखंड असतं, त्यामुळे काळ जाईल तसा त्यावर मधासारखा रंग चढतो. तो म्हणजे मळ नव्हे. तरी कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी आणि खरखरीत कार्बोरंडमने तो खरवडून काढला. सप्टेंबर १९३८ मध्ये अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं, काम थांबलं. पण खरवडलेलं परत कसं चिकटवणार?

जुनेपणा विकून श्रीमंत झालेल्या माणसाला जुनेपणाच डोळ्यांत खुपावा, नवलच नाही का?

जोसेफ १९३९ साली वारला. दुसऱ्या महायुद्धात दालनावर बॉम्ब पडला; ते लोकांसाठी उघडलं थेट १९६२ साली, डुव्हीनच्याच नावाने. पेढी १९६४ साली विकली गेली. त्या दालनातल्या काही शिल्पांवर, हत्यार पोचलं नाही तिथे, तो मधाळ रंग अजून आहे.