जप्त झालेली खंजिरी

बालमित्रांनो, वाचता वाचता जरा उभे राहा पाहू! चपला काढा, पाय जुळवा, गुडघे किंचित वाकवा. आता मोजा : एक-अन्-दोन. 'एक'ला उजवा पाय वीतभर मागे नेऊन चवड्यावर टेकवा. 'अन्'ला डावा पाय जागच्या जागी उचलून ठेवा. 'दोन'ला उजवा पाय पुन्हा डाव्याशेजारी. आता डावा पाय मोकळा झाला ना? मग तेच सगळं डाव्या पायाने. ताल दोन मात्रांचा, पावलं मात्र तीन! म्हणून मधलं 'अन्' चटकन घ्यायचं, 'दोन'च्या अगदी आधी.

झालं! ब्राझीलच्या सांबा नाचाचं हे पहिलं पाऊल. कंबर मुद्दाम हलवू नका बरं का. गुडघे आळीपाळीने वाकले की ती आपोआप डोलते. खांदे सैल, मान सरळ, चेहरा हसरा. आधी सावकाश करा. पाय चुकेनासे झाले की मग वेग.

हा नाच आला कुठून? नकाशात आफ्रिकेचा पश्चिम किनारा शोधा. तिथल्या अंगोला, काँगो अशा भागांतून पोर्तुगीजांनी लाखो माणसांना जहाजात कोंबून ब्राझीलला नेलं. हो, आपल्या गोव्यावर १९६१ पर्यंत राज्य करणारे तेच पोर्तुगीज! उसाच्या मळ्यांत ही माणसं गुलाम म्हणून राबली. घरदार गेलं, नावगाव गेलं, पण अंगात मुरलेला ताल कोण काढून घेणार? बाइया प्रांतात ती गोल करून टाळ्या वाजवत आणि एकेक जण मध्ये येऊन नाचे. कधी तर थाळीवर सुरी घासून ताल धरत! हा गोलातला सांबा तिथे आजही नाचतात. २००५ साली युनेस्कोने त्याला मानवजातीचा ठेवा म्हणून गौरवलं.

१३ मे १८८८ रोजी ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच्या आधी आणि नंतरही बाइयातली पुष्कळ कुटुंबं पोटासाठी रिओ शहरात आली. त्यांतल्याच एक सियातामावशी. त्या मिठाई विकत आणि त्यांच्या घरी सांबाच्या मैफली रंगत.

पण कायदा बदलला म्हणून माणसांची मनं लगेच बदलतात थोडीच! गरीब काळ्या लोकांचा नाच म्हणून सांबाला नाकं मुरडली जात. पोलीस वादकांना पकडत, वाद्यं हिसकावून घेत. १९०८ च्या सुमाराची गोष्ट सांगतात. जुआंव दा बायाना या तरुण वादकाची खंजिरी पोलिसांनी जप्त केली. त्यामुळे पिन्येरो मशादो नावाच्या बड्या पुढाऱ्याकडच्या समारंभाला तो जाऊ शकला नाही. कारण कळल्यावर त्या पुढाऱ्याने त्याला नवी खंजिरी करवून दिली आणि तिच्यावर आपलं नावही घातलं. आता कुठला पोलीस तिला हात लावणार?

पुढे १९२८ साली रिओत पहिली 'सांबा शाळा' निघाली. शाळा म्हणजे वर्ग नि फळा नव्हे हं, गल्लीतल्या नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मंडळी! तिचं नाव होतं 'देइशा फालार', म्हणजे 'बोलू दे त्यांना!' १९३२ मध्ये अशा मंडळींच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९८४ मध्ये तर खास त्यांच्या मिरवणुकीसाठी भव्य प्रेक्षागृह बांधलं गेलं. ज्या नाचापायी वाद्यं जप्त होत, तोच आज देशाचा अभिमान झालाय.

वर्गात नाचाचं नाव काढलं की पुष्कळ मुलगे मागच्या बाकावर जाऊन बसतात. का? तर लोक हसतील! त्यांनी त्या मंडळीचं नाव आठवावं. आणि पालकांनो, पोरांनी घरात पाय आपटले, तर 'काय हे थेर' म्हणण्याआधी दोन टाळ्या वाजवून बघा. ताल धरायला कुणीतरी लागतंच की!

चला तर, रोज दहा मिनिटं. एक-अन्-दोन!