शकुंतलेच्या रुळांवर पायवाट होईल का?

मूर्तिजापूरहून यवतमाळ ११३ किलोमीटर, अचलपूर सुमारे ७६. विदर्भातल्या ‘शकुंतला’ नॅरोगेजचे हे मार्ग आता गाडीविना पडून आहेत. मग न्यूयॉर्कच्या ‘हाय लाइन’सारखी चालायची वाट इथे का नको?

पहिली अडचण मातीत आहे. शकुंतलेला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. जुन्या रेल्वेमार्गांच्या कडेला कोळशाची राख, सांडलेलं तेल, लाकडी स्लीपरना लावलेलं क्रिओसोट, तणनाशकातलं आर्सेनिक सापडू शकतं. म्हणून आधी मातीचे नमुने तपासायचे, मग दूषित थर काढायचा किंवा झाकायचा. नुसते पेव्हर ब्लॉक टाकून उद्घाटन उरकलं, तर कडेला खेळणाऱ्या पोरांच्या हाताला तीच धूळ लागणार.

दुसरी अडचण जास्त खरी. तिथल्या लोकांची जुनी मागणी ब्रॉडगेजची आहे, फिरायच्या वाटेची नाही. अमेरिकेत १९८३ पासून कायद्यातच सोय आहे: सध्या पायवाट, पण पुढे रेल्वे आणायचा हक्क शाबूत. इथे तशी लेखी हमी आधी हवी.